जे लहान होत नाही: १९४४च्या नॉर्मंडीतलं एक गॅरेज उभारताना

दिवाळीत ज्याने किल्ला केला आहे त्याला हे चित्र ओळखीचं असेल. सिंहासनावरचे महाराज वीतभर उंच, दरवाजावरचा मावळा बोटाएवढा, आणि पायथ्याच्या अळिवाच्या शेतात चरणारी गाय मावळ्याच्या दुप्पट. तरीही किल्ला सुंदरच दिसतो, कारण आपण तो मनाच्या मापाने बघतो. गणपतीतल्या देखाव्यांचंही तसंच. डायोरामा हा त्याच घराण्यातला प्रकार, फक्त त्याला एक कडक अट असते. देखाव्यातल्या झाडून सगळ्या वस्तू एकाच पटीने लहान झालेल्या हव्यात. माणूस, दार, वीट, पाना, खिळ्याचं डोकंसुद्धा.

ही अट पाळणं म्हणजे नुसता भागाकार, असं मला सुरुवातीची काही वर्षं वाटायचं. मापं घ्या, भागा, कापा, चिकटवा. हळूहळू लक्षात आलं की भागाकाराने फक्त लांबी-रुंदी-उंची लहान होते. उजेड लहान होत नाही. कापडाचा ताठपणा तेवढाच राहतो. धुळीचा कण तेवढाच राहतो. आणि एखाद्या जागेवरून गेलेला काळ तर कुठल्याच पट्टीने मोजता येत नाही. देखाव्यातलं निम्म्याहून जास्त काम या न लहान होणाऱ्या गोष्टींचं असतं, आणि नवीन मंडळी नेमकी तिथेच अडतात. म्हणून माझ्या टेबलावर सध्या जे उभं राहतंय त्याच्याच आधाराने हे सगळं सांगतो.

शब्दाचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. डायोरामा हे मुळात पॅरिसमधल्या एका नाट्यगृहाचं नाव. १८२२ साली लुई दागेरने, म्हणजे पुढे छायाचित्रणाचा एक जनक ठरलेल्या माणसाने, आणि त्याचा भागीदार शार्ल बुतोंने ते सुरू केलं. प्रचंड मोठ्या, अर्धपारदर्शक कापडावर दृश्य रंगवलेलं असे आणि त्यावर पुढून-मागून उजेड सोडून दिवसाची रात्र केली जाई. थोडक्यात, डायोरामा जन्मालाच आला तो उजेडाचा खेळ म्हणून. छोट्या मॉडेलचा देखावा हा त्याचा पुढचा अर्थ.

माझा प्रसंग असा. फ्रान्स, नॉर्मंडीतला बोकाज नावाचा झाडीचा मुलूख, ऑगस्ट १९४४चा पहिला आठवडा. ६ जूनला दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरलं, १८ जुलैला सेंट-लो हे शहर हाती आलं, २५ जुलैला ऑपरेशन कोब्रा ही अमेरिकन सैन्याची मोठी चढाई सुरू झाली आणि आघाडी वेगाने दक्षिणेकडे सरकली. मागे राहिलेल्या एका गावात एक गॅरेजवाला दार उघडतो. आत, गवताच्या पेंढ्यांखाली, चार वर्षं लपवलेली सित्रोएन ट्रॅक्शन आवां ही फ्रेंच मोटारगाडी आहे. चाकं काढलेली, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. त्या काळात जर्मन सैन्य गाड्या जप्त करत असे, पेट्रोल सामान्य माणसाला मिळत नसे, आणि बिनचाकाची गाडी ओढून नेणं अवघड. म्हणून कित्येकांनी चाकं एकीकडे आणि गाडी दुसरीकडे अशी दडवून ठेवली होती. आता चाकं परत चढवायची आहेत आणि दारावर पांढऱ्या रंगाने एफएफआय ही अक्षरं लिहायची आहेत. फेब्रुवारी १९४४मध्ये फ्रान्सच्या वेगवेगळ्या प्रतिकार गटांना एकत्र आणून जी संघटना झाली, तिची ही खूण.

युद्धाचा देखावा म्हटलं की बहुतेक जण रणगाडा आणि स्फोट निवडतात. मला गॅरेज जास्त बोलकं वाटतं. युद्ध माणसाच्या रोजच्या कामात कुठवर शिरलं होतं ते तिथल्या फळ्यांवर, भिंतींवर, रिकाम्या डब्यांवर दिसतं. या गॅरेजमध्ये एकही बंदूक नाही.

आता माप. माझा स्केल १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग. पस्तीसच का, याचं कारण व्यवहारी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर या जर्मन रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरला, आणि नंतर हिशेब केला तेव्हा तो साधारण १:३५ निघाला. पुढे लष्करी मॉडेलच्या जगात तोच आकडा रूढ झाला. या हिशेबाने पावणेसहा फुटी माणूस ५ सेंटिमीटरचा होतो. दोन मीटरचं दार ५७ मिलिमीटरचं. फ्रान्समधली नेहमीची २२ सेंटिमीटर लांबीची वीट सव्वासहा मिलिमीटरची. कामाचा बाक अडीच सेंटिमीटर उंच, २० सेंटिमीटरचा पाना ६ मिलिमीटरचा. आणि गाडी साधारण साडेबारा सेंटिमीटर.

मापं आणायची कुठून? जीप निवडली असती तर घराजवळच मिळाली असती. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि त्या घराण्यातल्या जुन्या गाड्या महाराष्ट्रात अजूनही हाताशी आहेत. फ्रेंच गॅरेजसाठी मात्र जुने फोटोच आधार. त्यात एक युक्ती कामी येते. फोटोत अशी एखादी वस्तू शोधायची जिचं माप पक्कं माहीत आहे. मला बऱ्याचदा जेरीकॅन, म्हणजे सैन्याचा पेट्रोलचा २० लिटरचा पत्र्याचा डबा, सापडतो, उंची साधारण ४७ सेंटिमीटर. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा असेल तर चौकट किती कॅनची आहे ते मोजायचं. कॅन आणि चौकट कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असले पाहिजेत, एवढं पाळलं की हिशेब फारसा चुकत नाही.

माझ्या देखाव्यातही असा एक कॅन आहे, साडेतेरा मिलिमीटरचा, दाराबाहेर. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे म्हणून त्याच्यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या. जेरीकॅन मूळचा जर्मन. दोस्तांनी त्याची नक्कल केली, पण अमेरिकनांनी त्यात फरक केले. जर्मन कॅनला खटक्याचं झाकण आणि दोन अर्धे जोडल्याची उभी शिवण, तर अमेरिकन कॅनला आट्यांचं झाकण आणि बुडाशी दुमडलेली कडा. माझ्या दाराशी अमेरिकन कॅन आहे, म्हणजे पेट्रोल आलं. तिथे जर्मन कॅन ठेवला असता तर अर्थ उलटा झाला असता. त्याच्याशेजारी गॅरेजचा जुना हातपंप आहे. पाच-पाच लिटरच्या दोन काचेच्या नळ्या, एक भरते तेव्हा दुसरी रिकामी होते अशी रचना. दोन्ही नळ्या मी कोरड्या ठेवल्यात आणि काचेला आतून धुळीचा पातळ थर दिलाय. चार वर्षांत त्यातून थेंब गेलेला नाही.

स्क्रॅच-बिल्ट या शब्दाचा अर्थ तयार संच न वापरता कच्च्या मालातून केलेलं. गाडीची बॉडी मी संचातलीच घेतली, हे स्पष्ट सांगतो. ट्रॅक्शनच्या मडगार्डचे वळसे हाताने घासून दोन्ही बाजूंना सारखे आणणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. चाकं काढल्यावर उघडे पडणारे ब्रेकड्रम, ठोकळे आणि आतल्या सीटची फाटकी कापडं मात्र मी केली. गॅरेज पूर्ण हाताचं.

भिंतीपासून सुरुवात करू, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिच्यातच आहे. सजावटीचा थर्माकोल घेऊ नका. त्याचे मणी कापताना सुटतात आणि कड कधीच स्वच्छ येत नाही. गच्चीवर उष्णता अडवायला जो घट्ट, बारीक पोताचा फोम घालतात, एक्सपीएस म्हणून मिळतो, तो घ्यायचा. बोकाजमध्ये घरं करड्या-तपकिरी शिस्टच्या दगडाची, दारं-खिडक्यांभोवती लाल विटा आणि वर पाटीच्या दगडाचं छप्पर, असं खूप ठिकाणी दिसतं. तेच मी धरलं. फोमवर आधी पेन्सिलने थर आखले, मग रिकाम्या बॉलपेनने दाबत दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, कोरल्या. पेन ओढायचं नाही, टेकवत टेकवत न्यायचं. ओढलं की फोम फाटतो. दगडाचा खरबरीतपणा यावा म्हणून ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळून गोळा केला आणि तो भिंतीवर दाबत फिरवला. एवढ्या एका कृतीने गुळगुळीत फोम दगड होतो.

मग फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून एक हात. हा हात मी एकदा टाळला होता. पहिल्या गॅरेजची भिंत, तीन आठवड्यांचं काम, आणि घाईत त्यावर थेट स्प्रेचा रंग मारला. स्प्रेमधल्या द्रावकाने फोम विरघळतो हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांदेखत विटा आत बसत गेल्या आणि पाचेक मिनिटांत भिंतीच्या जागी खड्डे उरले. त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं. फेव्हिकॉलचा थर हा फोमचं चिलखत आहे, आणि त्यावरही पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच ब्रशने लावायचा.

छपराच्या पाट्या जाड पुठ्ठ्याच्या. खरी पाटी ३२ बाय २२ सेंटिमीटर, म्हणजे आपली ९ बाय सव्वासहा मिलिमीटर. त्या खालून वर लावत जायच्या आणि प्रत्येक पाटीचा फक्त तिसरा हिस्सा उघडा ठेवायचा. आपल्या कौलांसारखंच आहे हे, पावसाचं पाणी सांध्यात शिरू नये म्हणून. मागच्या शेडचा पन्हळी पत्रा हॉटेलच्या पार्सलच्या ॲल्युमिनियम डब्याचा. पुठ्ठ्यावर दोन-दोन मिलिमीटरवर बारीक तारा चिकटवल्या, वर डब्याचा सपाट तुकडा ठेवला आणि इअरबडने रगडला.

इथपर्यंत सगळा भागाकार. गॅरेज उभं राहिलं, मापं अचूक, आणि तरी ते खेळण्यासारखंच दिसत होतं. का, ते आता बघू.

खऱ्या भिंतीतली दर्ज बोटभर खोल असते, तिच्यात सावली पडते आणि दगड सुटा दिसतो. माझ्या भिंतीत तीच दर्ज अर्धा मिलिमीटर खोल आहे. दिव्याचा उजेड खोलीतल्या भिंतींवरून, छतावरून परावर्तित होऊन सगळीकडून त्या फटीत शिरतो आणि सावली पुसून टाकतो. म्हणून सावली रंगवावी लागते. गडद तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि ब्रशचं टोक नुसतं फटीला टेकवायचं. रंग केशाकर्षणाने आपोआप फटीतून धावत जातो. याला वॉश म्हणतात. खालचा रंग ॲक्रिलिक आणि पूर्ण वाळलेला असला की टर्पेंटाइन त्याला सहसा विरघळवत नाही, म्हणून हे दोन रंग याच क्रमाने. सावलीच्या उलट उजेडाचं काम. ब्रशवर फिका रंग घेऊन तो जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर पुसायचा आणि भिंतीवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो.

उजेडाचा आणखी एक नियम गाडीला लागू होतो. त्या काळातल्या कित्येक ट्रॅक्शन काळ्या. पण काळी गाडी काळ्या रंगाने रंगवली तर ती डांबराच्या गोळ्यासारखी दिसते. आपण मॉडेल तीस सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे स्केलच्या हिशेबाने साडेदहा मीटरवरून. तेवढ्या अंतरावरची काळी गाडी, वर आकाश घेऊन उभी असलेली, निखळ काळी दिसत नाही, जराशी राखाडी दिसते. म्हणून गडद राखाडी रंग, वरच्या पृष्ठभागांना आणखी थोडा फिका. निखळ काळा मी फक्त गाडीच्या पोटाखाली ठेवला.

वजनाचा हिशेब करून बघितला तेव्हा मी चकित झालो. लांबी पस्तीसपट कमी झाली की आकारमान ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी होतं. साधारण ११०० किलोची गाडी २६ ग्रॅमची उरते. म्हणून मॉडेलच्या गाड्या जमिनीवर बसत नाहीत, तरंगतात. टायर खालून दबत नाही, स्प्रिंग वाकत नाही, मातीत चाक रुतत नाही. हे सगळं घासून, वाकवून, कोरून दाखवावं लागतं. माझी गाडी ठोकळ्यांवर असल्याने उलटं झालं. चाकांचा भार गेला की चाकाला धरणारे हात खाली लोंबतात, तेव्हा ब्रेकड्रम मी जरा खाली उतरवले. भिंतीला टेकवलेली चाकं चार वर्षं बिनहवेची आहेत, म्हणून टायरचा खालचा भाग कापून सपाट केला.

कापडाचंही तेच. ताडपत्रीसाठी शर्टाचं कापड घेतलं, तर ते समजा पाव मिलिमीटर जाड. पस्तीसने गुणा, जवळजवळ ९ मिलिमीटर. ती ताडपत्री कुठली, ती रजई झाली, आणि तिला पडणाऱ्या घड्याही रजईच्या. टिश्यूपेपरचा एक पदर सुटा करून पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवला, सुईने घड्या पाडल्या आणि तसाच वाळवला, तेव्हा ती ताडपत्री झाली.

धुळीसाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: वस्त्रगाळ. वाळूचा एक मिलिमीटरचा कण या जगात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो, म्हणून बागेतली माती जशीच्या तशी पसरली तर गॅरेजसमोर खडीचा ढीग दिसतो. वैद्य चूर्ण गाळतात तशी माती मलमलीतून गाळून घ्यायची. नॉर्मंडीतल्या त्या उन्हाळ्यात धूळ हा जिवाचा प्रश्न होता. धुरळा उडाला की शत्रूचे तोफगोळे येतात, अशी ताकीद देणाऱ्या पाट्या सैन्याने रस्त्यांवर लावल्या होत्या. म्हणून बाहेरच्या भिंतीचा तळ, पंपाचा पाया आणि कॅन या सगळ्यांवर रस्त्याची फिकी धूळ आहे, आणि आतल्या गाडीवर तिचा पत्ता नाही. गाडीवर आहे ती चार वर्षं निश्चल बसलेली करडी धूळ, आणि तिच्यावर पेंढ्यांनी सोडलेले पट्टे. पेंढा म्हणजे सुतळीचे उसवलेले तंतू, पाच ते आठ मिलिमीटरचे.

राहिला काळ. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही, आमच्या घरामागच्या गॅरेजमध्ये शिकलो. तिथल्या काकांकडे मी स्कूटर घेऊन गेलो होतो आणि जमिनीचे फोटो काढत बसलो.

"अरे, गाडी इकडे आहे, तिकडे काय बघतोस?"

मी विचारलं, "काका, याच जागी एवढं काळं का? बाकी फरशी तर साफ आहे."

"गाडी नेहमी तिथंच उभी राहते ना. नाक त्या खांबाकडं. म्हणजे ऑइल चेंबरचा नट बरोब्बर तिथं येतो. सांडलं की भुसा टाकायचा, झाडायचं, परत सांडायचं. वीस वर्षं झाली."

घरी येऊन मी माझ्या गॅरेजची फरशी खरवडून काढली. आधी मी डाग शोभेल तिथे टाकले होते. आता प्रत्येक डागाला कारण शोधलं. इंजिन जिथे येतं तिथे काळा, तुकतुकीत गाभा, भोवती तपकिरी कड, कारण तेल सिमेंटमध्ये शोषलं जात बाहेर सरकतं. बाकाच्या पुढची फरशी पायांनी घासून उजळ, बाकाखालची मळकट. दाराच्या कडीखाली भिंतीवर अर्धगोल ओरखडा, कारण दार प्रत्येक वेळी तिथे आपटतं. भिंतीवर पान्यांच्या फळीत दोन पान्यांच्या जागी फक्त त्यांच्या फिकट आकृत्या, कारण ते पाने या क्षणी कुणाच्या तरी हातात आहेत.

गंजाचंही कारण असतं. पत्रा जिथे खिळ्याने भोसकलेला असतो आणि जिथे पाणी साचतं तिथून गंज सुरू होतो आणि ओघळ खाली येतो. शेडच्या पत्र्यासाठी मी हेअरस्प्रे वापरला. खाली गंजाचा रंग, तो वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन हात, त्यावर करडा ॲक्रिलिक. मग ओल्या ब्रशने खिळ्यांभोवती टोचायचं. पाणी रंगाच्या पातळ थरातून आत जातं, मधला हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा पोपड्यांनी सुटतो. मोटारीच्या दारांना मात्र मी हा उपाय केला नाही. लपवलेली, झाकलेली, मालकाने जपलेली गाडी आहे ती, तिला गंज कशाला येईल? मॉडेल करणाऱ्यांना एकदा गंज जमला की तो सगळीकडे लावायचा मोह होतो, आणि त्याने बरेच चांगले देखावे बिघडलेले मी पाहिलेत.

मांडणीबद्दल थोडंसं. पाया २५ बाय २० सेंटिमीटरचा. इमारत पायाच्या कडेला समांतर न ठेवता जरा तिरकी फिरवली, म्हणजे नजर कोपऱ्यातून आत शिरते. एक भिंत आणि निम्मं छप्पर केलंच नाही, म्हणजे आत दिसतं. माणसं दोनच. एक गुडघ्यावर बसून ड्रमचे बोल्ट पुसतोय, दुसरा पोरगेला मुलगा चाक गडगडत आणतोय. तिसरा कुणी ठेवला असता तर तो नुसता बघत उभा राहिला असता.

अक्षरं मी सगळ्यात शेवटी काढली. छापील स्टिकर मिळतात, पण घाईत, हाताने, भिंतीच्या ब्रशने काढलेली अक्षरं ती. पहिला एफ मोठा झालाय, शेवटच्या आयला जागा कमी पडलीय. वाळलेला रंग मंद दिसतो आणि ओला चमकतो, म्हणून फक्त शेवटच्या अक्षरावर ग्लॉस वार्निशचा थेंब दिला आणि तिथून एक ओघळ दोन मिलिमीटर खाली येऊ दिला. रंगाचा डबा दाराशी जमिनीवर आहे, ब्रश त्याच्यावर आडवा.

खिडकीच्या काचा निळ्या आहेत. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून तेव्हा फ्रान्समध्ये काचांना निळा रंग फासत असत. काल संध्याकाळी देखावा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि डोळा त्या पाच सेंटिमीटरच्या माणसाच्या उंचीवर आणून आत बघितलं. एका काचेवरचा रंग नखाने खरवडून मी छोटी फट केली होती. तिच्यातून खरं ऊन आत येत होतं, आणि गाडीच्या टपावरच्या सुतळीच्या तंतूंवर पडलं होतं.